रत्नाकररावांची अधुरी तालीम

वस्तादांचा फोन आला तेव्हा रत्नाकर इंगवले दुसरी कचोरी तोंडात घालत होते. रविवारची सकाळ होती आणि बनारसमध्ये रविवारी सकाळी कचोरी न खाणाऱ्या माणसाकडे शेजारी संशयाने बघतात, असं त्यांचं म्हणणं. बदलून येऊन आठच महिने झाले होते, पण एवढा एक रिवाज त्यांनी पहिल्या आठवड्यातच आत्मसात केला होता.

"रत्न्या, फुडच्या म्हैन्यात काशीला येतोय. तिकीट काढलंया," वस्ताद म्हणाले. "तुझ्याकडंच उतरतो. सकाळी दोघं मिळून जोर मारू."

कचोरी अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली.

श्रीराम वस्ताद म्हणजे रत्नाकररावांच्या कोल्हापुरातल्या तालमीचे वस्ताद. वय एक्क्याऐंशी. कोल्हापूरकरांना तालीम म्हणजे काय हे सांगायला नको; इतरांसाठी सांगून ठेवतो. तांबडी माती, भिंतीवर मारुती, जोर, बैठका, आणि पहाटे पाचला कान धरून उठवणारा एक माणूस, एवढं मिळून तालीम होते. हा शब्द जरा लक्षात असू द्या, कारण पुढे जे काही रामायण झालं ते या एका शब्दामुळे झालं.

दर गुरुपौर्णिमेला रत्नाकरराव वस्तादांना फोन करत. वस्ताद तब्येत विचारत नसत, बायकोमुलं विचारत नसत. एकच शब्द विचारत, "किती?" बँकेत लागून पहिल्यांदा बाहेरगावी गेले त्या वर्षी रत्नाकररावांनी सांगितलं, "शंभर जोर, दोनशे बैठका." ते खरं होतं. दुसऱ्या वर्षी पन्नास-साठच होत होते, पण म्हाताऱ्याला कशाला वाईट वाटू द्या म्हणून शंभरच सांगितले. तिसऱ्या वर्षी जोर बंद पडले आणि शंभराचा आकडा तेवढा चालू राहिला. आज त्याला तीस वर्षं झाली. मुद्दाम खोटं बोलावं असा त्यांचा स्वभाव नव्हता. एकदा वर गेलेला आकडा खाली कसा आणायचा, ते त्यांना जमलं नाही.

"सरळ खरं सांगून टाका ना," त्यांची बायको आनंदी म्हणाली.

"काय सांगू?"

"सांगायची तरी काय गरज आहे म्हणा! तुम्ही दारात उभे राहिलात की तुमच्या आधी वस्तादांना ते दिसेलच." आणि तिने त्यांच्या पोटाकडे बघितलं. रत्नाकररावांनी वर्तमानपत्र जरा खाली घेतलं आणि पोट झाकलं. एका महिन्यात निदान पन्नास बैठका मारता आल्या पाहिजेत, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. वस्तादांसमोर खोटं पडण्यापेक्षा गुडघे गेलेले परवडले.

सुंदरपूरच्या पलीकडे नव्यानं वसलेल्या त्यांच्या कॉलनीत व्यायामाची सोय नव्हती असं नाही. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानावर एक जिम होतं. त्याचा जिना जिलेबीच्या कढईला वळसा घालून वर जायचा, त्यामुळे निम्मे सभासद वर पोचतच नसत. रत्नाकरराव पोचले, ते दोन जिलेब्या खाऊन. केयूर नावाच्या ट्रेनरने त्यांना एका यंत्रावर उभं केलं आणि कागद हातात दिला.

"अंकल, मशीन के हिसाब से आपके शरीर की उम्र इकहत्तर है।"

"माझ्या जन्मदाखल्यावर पंचावन्न आहे," रत्नाकरराव मराठीतच कडाडले, आणि मग मॅनेजरच्या सवयीने हिंदीत विचारलं, "इसमें दुरुस्ती के लिए आवेदन कहाँ करना पड़ता है?"

अशी सोय नव्हती. दंड-बैठका शिकवता का, असं विचारल्यावर केयूर म्हणाला की ते 'फंक्शनल' मध्ये येतं आणि ती बॅच भरलीय. तोवर या पट्ट्यावर चाला. पट्टा रत्नाकररावांपेक्षा उत्साही निघाला. चौथ्या मिनिटाला ते जिन्याशी होते आणि पाचव्या मिनिटाला जिलेबीपाशी.

मग योग. अमृतराव घाटाजवळ पहाटे योगाचा वर्ग भरतो असं कळलं, आणि पुण्याच्या माणसानं बांधलेल्या घाटावर मराठी माणसाचं भलंच होणार, या विश्वासानं ते गेले. वर्गात सगळे परदेशी. सगळी आसनं रत्नाकररावांनी डोळ्यांनी केली. शवासन मात्र त्यांना असं काही साधलं की डोळे उघडले तेव्हा वर्ग संपून गेला होता, ऊन वर आलं होतं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या कुणीतरी श्रद्धेनं त्यांच्या छातीवर झेंडूची माळ ठेवली होती. काशीच्या घाटावर हालचाल न करता पडून राहू नये, एवढं ज्ञान घेऊन ते घरी आले. कॉलनीच्या बागेत व्यायामाची रंगीत यंत्रं होती, पण त्यांवर समोरच्या बंगल्यातल्या चादरी वाळत असत आणि चादरवाल्या बाईंशी बोलायची कुणाची छाती नव्हती.

शेवटी त्यांना वाटलं, हे आपल्या रक्तातलं नव्हेच. आपल्याला माती पाहिजे. त्यांनी टोटोवाल्याला, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षावाल्याला सांगितलं, "कोई अखाड़ा दिखाओ।" टोटोवाल्यानं त्यांना साधूंच्या आखाड्यात नेऊन सोडलं. रत्नाकररावांनी महंतांना नमस्कार केला आणि म्हणाले, प्रवेश पाहिजे.

"संकल्प पक्का है?" महंतांनी विचारलं. "घर में पूछा?"

"पत्नी ने ही भेजा है, महाराज।"

महंतांना त्यात काही नवल वाटलं नाही. मुंडण करावं लागेल, ते म्हणाले. रत्नाकरराव म्हणाले, हरकत नाही, आमच्याकडेही पैलवान करतात. लंगोटीवर राहावं लागेल. तेही ठीक. मग महंत शांतपणे म्हणाले, "और दीक्षा के दिन अपना पिंडदान अपने ही हाथ से।" तेव्हा रत्नाकररावांनी चपला शोधायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून त्यांनी 'आखाडा' या शब्दाचा धसका घेतला. सगळा घोळ शब्दाचा आहे, त्यांनी आनंदीला समजावलं, योग्य शब्द वापरला की योग्य वस्तू मिळते. आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी विचारपूर्वक संदेश टाकला. त्यांची हिंदी बँकेतली, म्हणजे 'कृपया प्रतीक्षा करें' इथवरची. तरी हा संदेश त्यांना स्वतःला फार आवडला.

"सभी को नमस्कार। मेरी तालीम जवानी में छूट गई। तीस साल हो गए। अब फिर से शुरू करना चाहता हूँ। आसपास कोई तालीम हो तो कृपया बताएँ। इस उम्र में शर्म आती है, पर करना है। – इंगवले, बी-१४"

हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण. हे रत्नाकररावांना सोडून त्या ग्रुपवरच्या एकशे बारा माणसांना ठाऊक होतं.

पाच मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणी लिहिलं, सलाम है आपको. कुणी लिहिलं, पढ़ने की कोई उम्र नहीं होती. पण तोवर इतके फुलांचे गुच्छ आले होते की ते वाक्य वर वाहून गेलं आणि रत्नाकररावांनी वाचलंच नाही. चादरवाल्या बाईंनीसुद्धा डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पाठवला. "बघ," रत्नाकरराव आनंदीला म्हणाले, "व्यायामाची केवढी कदर आहे या गावाला!"

संध्याकाळी वेणीमाधव आले. हे बी-९ मधले. घराणं मराठीच, पण ब्रह्मा घाटावरचं, सात पिढ्या वेदपाठ्यांच्या. गल्लीत गाडी लावायला जागा नाही म्हणून इकडे राहायला आलेले. त्यांची मराठी घरापुरती होती आणि तिच्यात कुस्तीचा कोल्हापुरी शब्द कधी शिरायचं कारण नव्हतं. त्यामुळे दोन मराठी माणसं मराठीत बोलत असूनही पुढील संवाद झाला.

"इंगवलेजी, संकोच बिलकुल करू नका," वेणीमाधव आवाज खाली आणून म्हणाले. "तालीम सुटणं काही गुन्हा नाही. घरी कोशिश नाही केली कधी?"

"केली हो. पण घरी लाज वाटते. ही हसते."

"वहिनींनी हसू नये," वेणीमाधव गंभीरपणे म्हणाले.

"आणि पोरांच्या बरोबरीनं करायचं तर आणखी पंचाईत. ती वीस-वीस करतात, मी तीनवर अडकतो."

वेणीमाधवांनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बाहेर पडून ते थेट प्राचार्य तिवारींकडे गेले.

विश्वेश्वर तिवारी निवृत्त प्राचार्य. निवृत्त झाल्यापासून चार वर्षं ते विद्यार्थ्याच्या शोधात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रत्नाकररावांच्या दिवाणखान्यात वही घेऊन हजर झाले.

"इंगवले जी, तालीम! कितना सुंदर शब्द चुना आपने। अब बताइए, पहले कहाँ तक आता था?"

"सौ तक, मास्टर साहब।"

तिवारींनी वहीत लिहिलं: गिनती, सौ तक. "रुक-रुक कर?"

"नहीं, एक साँस में। पर अब पाँच के बाद चक्कर आता है।"

"लिख कर करते थे?"

"लिखना कैसा? वस्ताद मन में गिनते थे।"

तिवारींनी चष्मा काढून पुसला. असा माणूस बँकेत मॅनेजर झालाच कसा, हा प्रश्न त्यांना पडला असणार. पण ते सभ्य गृहस्थ होते आणि बँकांबद्दल त्यांचं मत आधीपासूनच फारसं बरं नव्हतं. कॉलनीचा हॉल रोज सकाळी सहा ते सात मिळवून देतो, म्हणाले. रत्नाकररावांना गहिवरून आलं. एवढ्या वयाचा माणूस आपल्या बैठकांसाठी धावपळ करतो आहे! हॉलची परवानगी म्हणजे तीन सह्या, दोन अर्ज आणि चिटणिसांच्या घरी चार खेपा. त्या सगळ्या तिवारींनी मारल्या. शिवाय एक काम त्यांनी कुणालाही न सांगता केलं. रत्नाकररावांच्या बँकेच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र लिहिलं: आपके प्रबंधक की शिक्षा अधूरी है, तथापि वे अत्यंत ईमानदार हैं, अतः उन्हें पढ़ाई के लिए प्रतिदिन एक घंटे की छूट दी जाए.

आठव्या दिवशी रत्नाकररावांना कार्यालयाचं पत्र आलं. दहावी, बारावी आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं पंधरा दिवसांत, तीन प्रतींत सादर करावीत. मूळ प्रमाणपत्र तीन प्रतींत कसं असतं, हे विचारायला त्यांनी दोन दिवस फोन केले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की नियम तसाच आहे. का मागवलीत, हे त्यांनी विचारलं नाही. बँकेत कागद का मागतात हे विचारायची पद्धत नसते. प्रमाणपत्रं कोल्हापूरच्या घरी ट्रंकेत होती. धाकट्या भावानं ती एका पाकिटात घातली आणि काशीला निघालेल्या वस्तादांच्या हाती दिली.

दरम्यान बैठकांचा हिशेब सहाच्या पुढे सरकत नव्हता. आणि वस्ताद यायच्या दिवशी सकाळीच तिवारींचा निरोप आला: "कल प्रातः छह बजे हॉल में बैठक है।"

रत्नाकररावांनी लगेच फोन लावला. "कितनी बैठक होगी?"

"एक ही होगी," तिवारी म्हणाले.

"सिर्फ एक?"

"पहला दिन है, इंगवले जी। ज़्यादा में लोग ऊब जाते हैं।"

रत्नाकररावांना हायसं वाटलं. वस्तादांना सांगता येईल की इथली पद्धतच निराळी आहे.

दुपारी ते स्टेशनवर गेले. वस्ताद डब्यातून उतरले. पांढरा फेटा, हातात काठी, खांद्याला पिशवी. पाया पडायला वाकलेल्या रत्नाकररावांचा दंड त्यांनी तालमीतल्या रिवाजाप्रमाणे दोन बोटांत धरून दाबला. बोटं आत गेली. ती थांबतील असं जिथे वाटलं होतं तिथे थांबली नाहीत.

"किती?" वस्तादांनी विचारलं.

"शंभर, वस्ताद," रत्नाकरराव म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यांनी हमालाला न बोलावता सामान स्वतः उचललं.

"बरं," वस्ताद म्हणाले. "सकाळी बघू."

सकाळी सहाला दोघं हॉलपाशी पोचले. दारावर नवीकोरी पाटी होती. रंग अजून ओला होता. 'प्रौढ़ तालीम केंद्र'. ती वाचून वस्ताद खूश झाले. "परमुलखात तालीम काढलीस व्हय रं?" म्हणाले, आणि त्यांनी दारातच सदरा काढून खांद्यावर टाकला. रत्नाकररावांनीही काढला. त्या अवस्थेत दोघांनी आत पाऊल ठेवलं.

आत चाळीस माणसं खुर्च्यांवर बसली होती. बायका पुढच्या रांगेत. समोर फळा, टेबलावर सरस्वतीची तसबीर, एक कोरी वही, पेन्सिल आणि हार. चादरवाल्या बाईंनी पदर डोळ्यांपुढे धरला. आनंदी पहिल्या खुर्चीवर होती. तिनं फक्त कपाळाला हात लावला.

तिवारी भाषणाच्या ऐन भरात होते, त्यामुळे उघड्या अंगांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. "भाइयो और बहनो! आज हमारे बीच एक साहसी पुरुष हैं। तीस बरस से इन्होंने तालीम का मुँह नहीं देखा! एक दिन नहीं, दो दिन नहीं, पूरे तीस बरस! और आज इन्होंने सबके सामने माना कि मेरी तालीम छूट गई।"

टाळ्या पडल्या. वस्तादांना हिंदी येत नव्हती. ते मागच्या खुर्चीवरच्या वेणीमाधवांकडे वळले. "काय म्हनत्यात मास्तर?"

वेणीमाधवांनी मोठ्या अभिमानानं भाषांतर केलं. "म्हणतात, तीस वर्षं यांनी तालमीचं तोंड नाही पाहिलं."

वस्ताद रत्नाकररावांकडे बघत राहिले. टाळ्या थांबल्या. सगळा खोटेपणा असा चाळीस माणसांपुढे, फुलांच्या हारासह, एका भल्या माणसाच्या तोंडून बाहेर पडेल, असं रत्नाकररावांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"किती?" वस्तादांनी विचारलं.

"येकबी न्हाई, वस्ताद." तीस वर्षांत न आलेली कोल्हापुरी आपसूक तोंडात आली. "सहा बैठका हुत्यात. त्याबी कालपरवापासनं."

वस्ताद जवळच्या खुर्चीवर बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली. रत्नाकररावांना वाटलं, आता ती पाठीत बसणार. आणि बसली असती तर बरंच वाटलं असतं.

"माझीबी सुटली लेका," वस्ताद हळूच म्हणाले. "तालमीत आता पोरं अभ्यास करत्यात. परीक्षांचा. माती झाकून वर फरशी घातलीया, टेबलं मांडल्यात. दारावर 'अभ्यासिका' म्हून पाटी हाय. सहा वर्सं झाली. तुला सांगणार हुतो. पर तू दरसाल शंभर म्हनायचास. म्हटलं, एकाची तरी चालू हाय. त्याला कशाला सांगा?"

रत्नाकररावांचे डोळे भरून आले. आपण म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून शंभर सांगत होतो आणि म्हातारा आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तालीम बंद पडल्याचं लपवत होता. त्यांनी वाकून वस्तादांचे पाय धरले, आणि पोट मध्ये येत असूनही बराच वेळ सोडले नाहीत.

तेवढ्यात वेणीमाधव उठून उभे राहिले. "एक मिनिट. माती? फरशी? म्हणजे तालीम मतलब... कसरत?"

"मग काय पुस्तकं?" रत्नाकरराव म्हणाले.

वेणीमाधवांनी तिवारींच्या कानात सांगितलं. तिवारींच्या हातातला खडू खाली पडला. "तो वो सौ तक जो आता था..."

"दंड, मास्टर साहब। सौ दंड।"

हॉलमध्ये असा काही हशा उसळला की सरस्वतीची तसबीर हलली. सगळ्यात जास्त चादरवाल्या बाई हसल्या. तिवारी मात्र खाली बसले. चार वर्षांनी मिळालेला विद्यार्थी बी.कॉम. निघाला, हे दुःख लहान नव्हतं. मग त्यांना आणखी काहीतरी आठवलं आणि चेहरा रडवेला झाला. "और मैंने तो बैंक को चिट्ठी लिख दी।" तेव्हा कुठे रत्नाकररावांना पाकिटाचा उलगडा झाला.

"हे मास्तर रडाय का लागलं?" वस्तादांनी विचारलं. वेणीमाधवांनी थोडक्यात सांगितलं. वस्ताद उठले. "त्यास्नी म्हनावं, मोजाय कुनीतरी लागतंय. खुर्च्या सरकवा."

खुर्च्या सरकल्या. तिवारींनी दुसरा खडू घेतला आणि फळ्यापाशी उभे राहिले. रत्नाकररावांनी बैठका मारल्या आणि प्रत्येकीला फळ्यावर एक रेघ पडली. सातवी झाली. आठवीला ते खाली गेले ते वर आलेच नाहीत. वेणीमाधवांनी आणि केयूरच्या जिममधून पळून आलेल्या दोघांनी मिळून वर काढलं. वस्तादांनी खुर्चीची पाठ धरून अर्धी बैठक मारली. तिवारींनी तिच्यासाठी अर्धी रेघ ओढली आणि वस्तादांनी ती काळजीपूर्वक तपासून घेतली.

वस्ताद नऊ दिवस राहिले. देवदर्शन झालं, पण त्यांचं खरं लक्ष सकाळच्या हॉलवर. चौथ्या दिवशी तिवारी स्वतः लुंगी खोचून उभे राहिले. भोसले घाट दाखवायला नेलं तेव्हा वस्तादांनी दगडी वाड्याकडे पाहिलंच नाही. पायऱ्या किती आहेत ते विचारलं आणि रत्नाकररावांना दोनदा चढायला लावल्या. पाटी रंगवून बदलावी का, असं तिवारींनी विचारलं. कशाला, वस्ताद म्हणाले, दोघांच्याबी मनासारखं लिवलंय.

बँकेला तिवारींनी दुसरं पत्र लिहिलं, की श्री इंगवले पूर्ण शिक्षित आहेत, केवळ शरीर कच्चं आहे. त्यावर प्रादेशिक कार्यालयानं वैद्यकीय प्रमाणपत्र मागवलं. तीन प्रतींत.

पुढच्या गुरुपौर्णिमेला रत्नाकररावांनी फोन लावला. हॉलमधूनच लावला, मागे तिवारी धापा टाकत होते.

"किती?" वस्तादांनी विचारलं.

"एकवीस बैठका, वस्ताद. चार जोर." आकडा सांगताना आयुष्यात पहिल्यांदा त्यांना इतकं हलकं वाटलं. मग धीर करून त्यांनीही विचारलं, "आणि तुमचं किती?"

पलीकडून कुणीतरी पानं उलटल्यासारखा आवाज येत होता.

"तीन," वस्ताद म्हणाले. "खुर्ची न धरता. अभ्यासिकेतली पोरं मोजत्यात."